मोडलेल्या भागीदारीची तबकडी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘ख्याती’ हा शब्द एकदा भेटला की पदवी हातात पडेपर्यंत तो पाठ सोडत नाही. इंग्रजीत हिलाच गुडविल म्हणतात. दुकानातले फर्निचर दिसते, गोदामातला माल मोजता येतो, बँकेतली शिल्लक पासबुकात वाचता येते. ख्याती मात्र ना दिसते ना मोजता येते. तरीही चालते दुकान विकायला काढले की मालक तिची किंमत मागतो आणि घेणारा ती देतो. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी १८१० साली एका निकालात तिची सोपी फोड केली होती. जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता म्हणजे ख्याती, असा तिचा मथितार्थ. आजही आपली पाठ्यपुस्तके ती व्याख्या सांगतात.

पण या व्याख्येत एक प्रश्न उरतोच. गिऱ्हाईक येते ते नेमके कशासाठी? जागेसाठी, पाटीवरच्या नावासाठी, की गल्ल्यावर बसलेल्या माणसांसाठी? रोजच्या व्यवहारात नाव आणि माणसे एकत्रच असतात, त्यामुळे कोणाची किंमत किती हे वेगळे काढता येत नाही. ते वेगळे काढून पाहायचे तर नाव एकीकडे व माणसे दुसरीकडे अशी काही वर्षे जायला हवीत, आणि मग ती पुन्हा एकत्र यायला हवीत. व्यापारात असे उदाहरण विरळा. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात मात्र एक फार चांगले उदाहरण आहे. ‘डीप पर्पल’ हा इंग्लंडचा रॉक बँड, आणि दीर्घ खंडानंतर १९८४ साली त्याने काढलेली ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ ही ध्वनिमुद्रिका. या लेखात आपण ती तबकडी हिशेबनीसाच्या चष्म्यातून पाहू.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतला, लाल डगलेवाला बँड उभा राहतो. रॉकचा बँड निराळा. चार-पाच जणांची टोळी असते. एक गायक, एक इलेक्ट्रिक गिटारवाला, एक बेस गिटारवाला, एक ड्रमवाला, आणि डीप पर्पलसारख्या बँडमध्ये एक ऑर्गनवाला. आपल्या चित्रपटसंगीतात गीत एकाने लिहायचे, चाल दुसऱ्याने लावायची, गायचे तिसऱ्याने आणि वाजवायचे स्टुडिओतल्या वादकांनी, अशी कामाची विभागणी असते. येथे ही सारी कामे त्याच चार-पाच जणांनी करायची. म्हणजेच बँड ही जन्मतःच एक भागीदारी संस्था आहे. भांडवल म्हणजे अंगातली कला, आणि मिळकत म्हणजे तबकड्यांचा खप व कार्यक्रमांची तिकिटे. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

पेढीची स्थापना

डीप पर्पलची स्थापना १९६८ सालची. गंमत अशी की तिच्यामागे पैसा उभा केला तो कापडाच्या धंद्यातल्या एका माणसाने. लंडनचे टोनी एडवर्ड्स यांचा घरचा कापड व्यवसाय होता. जाहिरात क्षेत्रातले जॉन कोलेटा आणि तिसरे रॉन हायर यांना बरोबर घेऊन त्यांनी तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘एच.ई.सी.’ नावाची संस्था काढली आणि वादक जमवले. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस, बेसवर निक सिम्पर आणि गायक रॉड इव्हान्स. ब्लॅकमोर यांच्या आजीला आवडणारे ‘डीप पर्पल’ नावाचे एक जुने गाणे होते. त्यावरून बँडचे नाव ठेवले. त्याच वर्षी ‘हश’ हे त्यांचे गाणे अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, भागीदार बदलले. इव्हान्स व सिम्पर यांना नारळ मिळाला आणि त्यांच्या जागी गायक इयन गिलन व बेसवादक रॉजर ग्लोव्हर आले. या बँडचे रसिक अशा प्रत्येक बदलाला यंत्राच्या मॉडेलसारखा क्रमांक देतात. पहिला संच मार्क वन, दुसरा मार्क टू. आपल्या भाषेत सांगायचे तर संस्थेची पुनर्रचना. ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड आणि पेस हा मार्क टू संच या लेखाचा नायक आहे, म्हणून ही पाच नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

या पाच जणांचा नाद इतरांपेक्षा वेगळा का वाटे? त्याचे एक कारण जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन. चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून १९३५ साली अमेरिकेत निघालेले हे विजेवर चालणारे वाद्य. लॉर्ड यांनी ते गिटारसाठी बनवलेल्या मार्शल कंपनीच्या अँप्लिफायरला जोडले. त्यामुळे भक्तिसंगीताचे ते वाद्य गिटारसारखेच गुरगुरू लागले, आणि गिटार व ऑर्गन यांची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी रंगू लागली. त्यावर गिलन यांचा तार सप्तकात सहज किंचाळणारा आवाज. १९७० ची ‘इन रॉक’, १९७१ ची ‘फायरबॉल’, १९७२ ची ‘मशीन हेड’ आणि १९७३ ची ‘हू डू वी थिंक वी आर’ या चार तबकड्या या संचाने स्टुडिओत केल्या. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथे झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ‘मेड इन जपान’ नावाने निघाले व तेही गाजले. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये १९७२ साली मोजलेल्या ११७ डेसिबल आवाजामुळे जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली होती.

‘मशीन हेड’च्या वेळची हकिकत प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ध्वनिमुद्रणासाठी गेली. ज्या कॅसिनोत काम करायचे ठरले होते, तेथे ४ डिसेंबरला फ्रँक झाप्पा यांच्या कार्यक्रमात आग लागली आणि इमारत जळून गेली. सरोवरावर पसरलेला तो धूर पाहून ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे जन्मले. गिटार नव्याने हाती घेणारा मुलगा जगात कुठेही असो, पहिल्या काही आठवड्यांत तो या गाण्याच्या सुरुवातीचे स्वर वाजवून पाहतोच.

वाटणीचे कलम

आता हिशेबाकडे वळू. गाण्यातून पैसा प्रामुख्याने तीन वाटांनी येतो. एक, कार्यक्रमांची तिकिटे. दोन, तबकडी विकली गेली की कंपनीकडून वादकांना मिळणारी रॉयल्टी. या दुसऱ्या वाटेवर सर्वसाधारणपणे आधी उचल मिळते. आपल्या भागात ऊसतोड टोळीला कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी उचल देतात, तसाच हा प्रकार. तबकडी खपू लागली की आधी ती उचल फिटते आणि मगच हाती काही पडते. तिसरी वाट गाण्याच्या कर्त्यांची. तबकडीवर गाण्याच्या नावाखाली ज्यांची नावे छापलेली असतात ते कायद्याने त्याचे कर्ते. ते गाणे रेडिओवर लागो, दुसऱ्या कोणी गावो, की चाळीस वर्षांनी एखाद्या चित्रपटात वाजो, कर्त्याचा वाटा त्याला मिळतच राहतो. पहिल्या वाटेचे पैसे अंगात ताकद असेपर्यंत. तिसऱ्या वाटेचे पैसे मात्र म्हातारपणीही येतात आणि मागे मुलाबाळांनाही मिळतात. म्हणून गाण्याखाली कोणाचे नाव छापायचे हा बँडमधला सर्वांत नाजूक प्रश्न असतो.

मार्क टू संचाने १९७० ते १९७३ या काळात तो फार सरळ रीतीने सोडवला होता. कल्पना कोणाची का असेना, त्यांनी रचलेल्या गाण्यांखाली पाचही नावे. आपल्याकडच्या भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम १३ मध्ये हीच वृत्ती आहे. भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर नफा सर्वांनी समान वाटून घ्यायचा. ड्रमवादकाने गाण्याचा एकही शब्द लिहिलेला नसतो हे खरे, पण ‘फायरबॉल’मधले पेस यांचे ड्रम काढून घेतले तर त्या गाण्यात काय उरते, हा प्रश्नही तितकाच खरा.

समान वाटणीमुळे पैशाची तंटेबखेडी टळली तरी माणसांची टळली नाहीत. सततच्या दौऱ्यांनी सारे थकले होते आणि गिलन व ब्लॅकमोर यांचे अजिबात पटेनासे झाले होते. गिलन यांनी १९७२ च्या डिसेंबरमध्येच राजीनामा लिहून दिला, मुदत जून १९७३ पर्यंतची. २९ जून १९७३ ला ओसाका येथे शेवटचा कार्यक्रम करून ते व ग्लोव्हर बाहेर पडले. त्यांच्या जागी डेव्हिड कव्हरडेल व ग्लेन ह्यूज आले. १९७५ मध्ये ब्लॅकमोर यांनीही बँड सोडला, त्यांच्या जागी टॉमी बोलिन आले. पण गाडा फार ओढता आला नाही. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूल येथे अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्या वर्षी डीप पर्पलचे विसर्जन झाले.

दुकान बंद, गल्ला चालू

१९७६ ते १९८४ ही आठ वर्षे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, कारण या काळात नाव एकीकडे पडले होते आणि माणसे दुसरीकडे होती.

माणसे काय करीत होती ते आधी पाहू. ब्लॅकमोर यांनी ‘रेनबो’ नावाचा बँड काढला, पुढे त्यात ग्लोव्हरही आले. कव्हरडेल यांच्या ‘व्हाइटस्नेक’मध्ये लॉर्ड व पेस वाजवू लागले. गिलन यांनी स्वतःच्याच नावाचा बँड चालवला आणि १९८३ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडबरोबर ‘बॉर्न अगेन’ ही तबकडी गायली. म्हणजे गिटार एका दुकानी, ऑर्गन व ड्रम दुसऱ्या दुकानी आणि आवाज तिसऱ्या दुकानी. तिन्ही दुकाने बरी चालली. पण तिन्हींमध्ये डीप पर्पलचा तो एकत्र नाद मात्र नव्हता.

आणि नाव काय करीत होते? नाव स्वस्थ बसून कमावत होते. १९८० साली जुनीच गाणी एकत्र करून ‘डीपेस्ट पर्पल’ ही तबकडी काढण्यात आली. बँड मोडून चार वर्षे झालेली, एकही नवे गाणे नाही, तरी ती इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. शटर ओढलेल्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकांची रांग लागावी तसे हे झाले. एल्डनसाहेबांची व्याख्या याहून चांगल्या रीतीने कोणी सिद्ध केली नसेल.

जेथे ख्याती असते तेथे तिच्यावर डोळा ठेवणारेही असतात. त्याच १९८० साली अमेरिकेत ‘डीप पर्पल’ या नावाने कार्यक्रमांच्या जाहिराती झळकल्या. लोक तिकिटे काढून गेले तर रंगमंचावर ओळखीचा चेहरा एकच, आणि तोही बारा वर्षांपूर्वीचा. पहिले गायक रॉड इव्हान्स. बाकी सगळे नवखे. ‘स्मोक ऑन द वॉटर’ ज्या संचाने केले त्या संचात इव्हान्स कधी नव्हतेच. जुन्या बँडच्या व्यवस्थापनाने न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी निकाल लागला. नुकसानभरपाई व दंड मिळून ६,७२,००० डॉलर भरण्याचा आदेश झाला. शिवाय पहिल्या तीन तबकड्यांवरची इव्हान्स यांची रॉयल्टीही पुढे बंद झाली.

या खटल्याकडे वरवर पाहून ‘नकली माल विकणाऱ्याला शिक्षा झाली’ एवढेच म्हणता येईल. पण इव्हान्स हे काही परके नव्हते. ते संस्थापकांपैकी होते. तरीही नाव वापरण्याचा हक्क त्यांना नव्हता, कारण भागीदार बाहेर पडला की त्याचा हिस्सा त्याला मिळतो, पण पाटी मागेच राहते. आपल्या कायद्यातही कलम १४ प्रमाणे ख्याती ही संस्थेची मालमत्ता मानली आहे, एकट्यादुकट्या भागीदाराची नव्हे. इंग्लंड-अमेरिकेचे कायदे निराळे असले तरी तत्त्व ओळखीचे आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी ही फसवणूक मुकाट्याने सोसली नाही. म्हणजे नाव लोकांना दारापर्यंत आणते, पण आत माणसे नसली तर तेच लोक संतापून परत जातात.

१९८४ ची पुनर्रचना

एप्रिल १९८४ मध्ये बी.बी.सी. रेडिओवरून घोषणा झाली की मार्क टू संचाचे पाचही जण पुन्हा एकत्र येत आहेत. काळ अनुकूल होता. त्यांच्या तबकड्या ऐकत वाढलेली ‘आयर्न मेडन’सारखी नवी पिढी तोवर मोठी झाली होती आणि अशा संगीताला नवा बाजार मिळाला होता. त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील स्टोव या डोंगराळ गावी ही मंडळी जमली. एका मोटारीत बसवलेला फिरता स्टुडिओ तेथे आणला आणि ध्वनिमुद्रण झाले. माँत्रोला कॅसिनो जळाल्यानंतरही त्यांनी फिरत्या स्टुडिओतच काम केले होते. स्टुडिओच्या रोजच्या कामापासून दूर, एका गावात एकत्र राहून वाजवायचे ही त्यांची जुनी रीत त्यांनी पुन्हा धरली.

‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ १९८४ च्या अखेरीस बाजारात आली. एल.पी.वर आठ गाणी होती, कॅसेट व सी.डी.वर एक जादा. पहिले गाणे ‘नॉकिंग अॅट युवर बॅक डोअर’. त्याची सुरुवात ऑर्गनच्या संथ, गंभीर सुरांनी होते आणि मग बाकीचे एकेक करून आत येतात. अकरा वर्षांनी पाचही जण एकत्र वाजवताना ऐकणाऱ्याला ही सुरुवात पुरेशी होती. तबकडीचे नाव ज्यावरून पडले ते गाणेही ऑर्गननेच सुरू होते. ड्रमची चाल हत्तीच्या पावलांसारखी, आणि आश्चर्य म्हणजे त्यात ब्लॅकमोर यांचे एकट्याचे लांबलचक गिटारवादन नाहीच. ज्या वादकाची ओळखच त्याच्या एकट्याच्या वादनावर उभी होती, त्याने आपल्या सर्वांत चांगल्या गाण्यांपैकी एकात ते वगळावे, हे मला या तबकडीचे खरे सामर्थ्य वाटते. पाच जण पाच जणांसारखे वाजवतात. ‘वेस्टेड सनसेट्स’ हे संथ गाणे वय झालेल्या माणसाचे वाटते, आणि शेवटचे ‘हंग्री डेझ’ तर सरळ जुन्या दिवसांची आठवण काढते.

सर्वच गाणी त्या तोलाची नाहीत. मधली दोन-तीन गाणी सरावाच्या जोरावर निभावून नेल्यासारखी आहेत. पण गिऱ्हाइकांनी कौल दिला. तबकडी इंग्लंडमध्ये पाचव्या व अमेरिकेत सतराव्या क्रमांकावर गेली आणि अमेरिकेत तिला प्लॅटिनम मान, म्हणजे दहा लाख प्रतींचा, मिळाला. नोव्हेंबरमध्ये दौरा सुरू झाला. डिसेंबरात सिडनीच्या कार्यक्रमात ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन पाहुणे म्हणून रंगमंचावर आले. २२ जून १९८५ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थच्या मैदानावर भर पावसात, चिखलात उभे राहून हजारो लोकांनी त्यांना ऐकले. नाव व माणसे आठ वर्षांनी एकत्र आली आणि दोघांची मिळून किंमत दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त ठरली.

लेबलावरचा बारीक मजकूर

इतके झाल्यावर गोष्ट येथे गोड संपायला हवी होती. पण हिशेबनीसाने तबकडीच्या लेबलावरचा बारीक मजकूर वाचायला हवा. एल.पी.वरच्या आठ गाण्यांपैकी सात गाण्यांखाली तीनच नावे आहेत. ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर. पाचही नावे फक्त ‘नोबडीज होम’ या एकाच गाण्याखाली आहेत. लॉर्ड आणि पेस बाकीच्या गाण्यांत वाजवतात, पण त्यांचे कर्ते नाहीत.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत हे ध्यानात ठेवावे. एका गाण्याने कर्त्यांना शंभर रुपये मिळवून दिले असे धरा. जुन्या रीतीने प्रत्येकाला वीस रुपये. नव्या रीतीने, तिघांत समान वाटले तर, प्रत्येकी तेहतीस रुपये तेहतीस पैसे, आणि दोघांना शून्य. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत लॉर्ड व पेस यांनी प्रत्येकी १/५ हिश्श्याचा त्याग केला आणि इतर तिघांना प्रत्येकी २/१५ चा लाभ झाला. परीक्षेत अशा उदाहरणात पुढची पायरी ठरलेली असते. ज्यांना लाभ झाला त्यांनी ज्यांनी त्याग केला त्यांना ख्यातीच्या मूल्यातून भरपाई द्यायची. आम्ही ती जर्नल नोंद डोळे मिटून लिहितो. पण बँडच्या वहीत अशी नोंद घालायची कशी? ऑर्गनच्या त्या गंभीर सुरुवातीचे मूल्य किती रुपये धरायचे?

येथे हिशेबशास्त्राची एक मर्यादा उघडी पडते. दुसऱ्याकडून पैसे देऊन विकत घेतलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येते. स्वतःच्या कष्टाने घरात निर्माण झालेली ख्याती मात्र मालमत्ता म्हणून नोंदवायची नाही, असे आपले हिशेबमानक क्रमांक २६ सांगते. कारण साधे आहे. तिची किंमत खात्रीने मोजता येत नाही. पण मोजता येत नाही म्हणून ती नसते असे नाही, आणि ती कोणाच्या कष्टातून आली हे ती निर्माण करणारे विसरतात असेही नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये पुढची तबकडी आली, तिच्यातही बहुतेक गाण्यांवर या तिघांचाच शिक्का होता. १९८९ मध्ये गिलन यांना बाहेर काढण्यात आले. १९९२ मध्ये ते परत आले आणि १९९३ मध्ये जी तबकडी निघाली तिचे नावच ‘द बॅटल रेजेस ऑन’, म्हणजे लढाई चालूच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, युरोपचा दौरा चालू असताना, ब्लॅकमोर कायमचे निघून गेले. ज्या दोघांचे १९७३ मध्ये पटले नव्हते त्यांचे वीस वर्षांनीही पटले नाही. पाटी पुन्हा रंगवून लावता येते, पण आत बसणाऱ्यांचे स्वभाव तेच राहतात.

त्यानंतर १९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स हे अमेरिकन गिटारवादक आले, आणि १९९६ च्या ‘पर्पेंडिक्युलर’ या तबकडीवर गाण्यांखाली पुन्हा पाचही नावे छापलेली दिसतात. समान वाटणीचे जुने कलम परत लागू झाले. जॉन लॉर्ड २००२ मध्ये स्वखुशीने निवृत्त झाले (१६ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले). त्यांच्या जागी डॉन एअरी आले आणि तो संच २०२२ मध्ये मोर्स बाहेर पडेपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, टिकला. इतका टिकलेला दुसरा संच या बँडच्या इतिहासात नाही. केवळ वाटणी समान होती म्हणून तो टिकला असे म्हणणे धाडसाचे होईल. वय वाढले होते, रागीट माणूस निघून गेला होता, ही कारणेही आहेतच. पण भांडणाचे एक कायमचे कारण दूर झाले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

एक धागा आपल्याकडेही येऊन पोचतो. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पलने मुंबईत कार्यक्रम केला, तेव्हा ब्लॅकमोर जाऊन दीड वर्ष झाले होते आणि गिटारवर मोर्स होते. तरी लोक आले आणि त्यांनी मनापासून ऐकले. त्या दौऱ्याचे मुंबईतले चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने प्रसिद्धही झाले. हे नावही जुन्या ओळखीतून आले आहे. ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या अमेरिकन बँडची त्याच नावाची एक रचना होती, आणि १९७० मधल्या डीप पर्पलच्या ‘चाइल्ड इन टाइम’ची चाल तिच्यावरूनच सुचलेली. लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या १९८० च्या प्रेक्षकांनी नाव नाकारले आणि मुंबईच्या १९९५ च्या प्रेक्षकांनी ते स्वीकारले. फरक कुठे? एकीकडे पाचांपैकी एकही जण नव्हता, दुसरीकडे चार जण होते, आणि पाचवा कोण हे कोणापासून लपवलेले नव्हते. भागीदार बदलला तर जाहीर सूचना द्यावी असे कायदा सांगतो. गिऱ्हाईकही तेवढीच अपेक्षा करते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे निघते. नावाला किंमत आहे, आणि ती माणसे नसतानाही काही वर्षे टिकते, हे १९८० च्या तबकडीने दाखवले. माणसांना किंमत आहे, पण विखुरली की ती भागाभागाने कमी होते, हे मधल्या आठ वर्षांनी दाखवले. दोन्ही एकत्र आली की मोडलेली भागीदारी पुन्हा उभी राहते, हे ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ने दाखवले. मात्र ती उभी राहताना वाटणीचे कलम कसे लिहिले जाते यावर पुढची वर्षे अवलंबून असतात.

आपल्या वर्गातले कितीतरी जण पदवीनंतर वडिलांच्या दुकानात, भावाबरोबर, चुलत्याबरोबर किंवा मित्राबरोबर भागीदारीत शिरतील. तेथे गिटार व ऑर्गन नसतील, पण माल आणणारा एक, उधारी वसूल करणारा दुसरा आणि दिवसभर गल्ल्यावर गोड बोलणारा तिसरा असेल. ज्याचे काम मोजता येते त्याचे नाव ठळक अक्षरात लिहिले जाते. ज्याचे काम मोजता येत नाही, पण ज्याच्यावाचून दुकान चालत नाही, त्याचे नाव करारपत्रात कुठे आहे हे सही करण्यापूर्वी एकदा वाचावे. त्या संध्याकाळी वेळ मिळाला तर ही तबकडीही ऐकावी, आणि ऑर्गनकडे जरा जास्त लक्ष द्यावे.